तळवा कोणी बघायचा

माझ्या डाव्या पायाची दोन बोटं नाहीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं. पायात काही घातलेलं असलं की ते दिसत नाही, पण मी आता घरातसुद्धा मागून पट्टा असलेली मऊ सँडल घालते, म्हणून लोक विचारतात. आमच्या उपकेंद्रातल्या नर्सताई म्हणाल्या, काकू, गावातल्या बायांना एकदा सगळं सांगा. मला चारचौघींत उभं राहून बोलणं जमत नाही. मी सांगायला लागले की बाया डोळ्यांना पदर लावतात आणि मग मलाच त्यांची समजूत काढत बसावं लागतं. त्यापेक्षा लिहिलेलं बरं. बारावीपर्यंत शिकले आहे, अक्षरही बरं आहे.

रडू येईल असं काही यात नाही. मला स्वतःला फार रडू आलं नाही. त्या वर्षभरात मला फारसं काही वाटलंच नाही, आणि ते कसं झालं तेच मी लिहिते आहे.

एका घरात दोन शुगर

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, डांबरी रस्त्याला लागून आहे. घरी आम्ही दोघंच, मी आणि मंगेशचे बाबा. मंगेश पुण्याला कंपनीत आहे, मुलगी वर्षा, तिला दारव्ह्याला दिली. शेतात कापूस, सोयाबीन आणि बांधाला तूर.

मंगेशच्या बाबांची शुगर निघाली ती साऱ्या गावाला कळली. कळंबच्या बाजारात चक्कर येऊन ते खाली बसले, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं, मंगेश रातोरात गाडी करून आला. पुढे कितीतरी दिवस माणसं भेटायला येत होती. ओसरीवर त्यांच्यासाठी खाट टाकली ती अजून तिथंच आहे. मी चहा करत होते, त्यांचा बिनसाखरेचा आणि बाकीच्यांचा साखरेचा.

माझी शुगर निघाली ती त्यांच्या मागून, जोडीला मिळाल्यासारखी. त्यांना तपासायला घेऊन गेले होते. तिथली मुलगी म्हणाली, काकू, बसलाच आहात तर तुमचंही बोट द्या. माझी त्यांच्यापेक्षा जास्त निघाली. ब्लड प्रेशरही निघालं. थायरॉइड पुढच्या वर्षी. गुडघे आधीपासून होते, पण गुडघ्यांना कोणी आजारात धरत नाही.

परत येताना जीपमध्ये मंगेशच्या बाबांनी विचारलं, "तुले बी निघाली म्हन्ते?"

"हो."

"चाल, बरं झालं. पथ्याचा सैपाक एकच लागन."

जीपमधले सगळे हसले. मीही हसले. ते वाईट मनाने बोलले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते सोयीचंच वाटलं.

गोळी आधी, जेवण शेवटी

त्यांच्या गोळ्यांना स्टीलचा डबा होता, खाटेजवळच्या कोनाड्यात. माझ्या गोळ्या चुलीजवळच्या फळीवर, हळदीच्या डब्यामागं प्लॅस्टिकच्या पिशवीत. दर महिन्याला डॉक्टरांकडे जायचे ते, मी सोबत. आत गेलं की त्यांचं सगळं मीच सांगायची, कारण त्यांना आठवत नसे. माझ्या गोळ्या बाहेर मेडिकलवाल्याकडून जुन्याच चिठ्ठीवर घेऊन यायची. डॉक्टरांनी कधी विचारलं, तुमचं कसं आहे काकू, तर मी म्हणायची, माझं ठीक आहे. उठायची घाई असायची, बाहेर लोक बसलेले असायचे.

शुगरची गोळी जेवणाच्या आधी घ्यायची असते. मी त्यांच्या हातावर त्यांची गोळी ठेवायची आणि त्याच पाण्याच्या गडव्यातून माझीही घेऊन टाकायची, म्हणजे विसरायला नको. मग त्यांना गरम भाकरी करून वाढायची. मग कोणी आलं-गेलं असेल ते. मग गुरांचं पाणी, भांडी, ओटा. मग मी. मधेच कधी हात थरथरायचे, घाम फुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी गुळाचा खडा तोंडात टाकून पुढच्या कामाला लागायची. वाटायचं, वय झालं. गोळी आपलं काम करत होती आणि पोटात अन्नच नव्हतं, हे मला कितीतरी उशिरा एका डॉक्टरीणबाईंनी समजावलं. ही चूक घरातल्या पुरुषाच्या हातून होऊच शकत नाही. त्याने गोळी घेतली की ताट येतंच.

आणि संकष्टी. त्यांची तब्येत नीट राहावी म्हणून मी संकष्टी धरली होती. दिवसभर काही नाही, चंद्र दिसला की साबुदाणा आणि बटाटा. शुगरच्या बाईने शुगरच्या नवऱ्यासाठी धरलेला उपास. लिहिताना मला त्यातला विनोद दिसतो, तेव्हा दिसत नव्हता.

घरी पाहुणे आले की विचारत, दादांची तब्येत कशी आहे. माझ्याकडे बघून म्हणत, वैनी थकल्या. तेच सगळे आजार, पण ते बिमार होते आणि मी थकलेली होते. बिमार माणसाला खाट मिळते. थकलेल्या बाईला लोक म्हणतात, बस थोडा वेळ, आणि चहा मागतात.

पाय कधी बधिर झाले ते मला सांगता येणार नाही. एकदा शेतातून येत होते तर शेजारची वैनी मागून ओरडली, "अवं बाई, तुही चप्पल मांगं राह्यली." मी खाली बघितलं तर एक पाय अनवाणी होता. बराच लांबून तशीच चालत आले होते. आम्ही दोघी पोट धरून हसलो. बायांनो, चप्पल पायातून निघून गेलेली कळली नाही तर हसू नका. डॉक्टरकडे जा, आणि नवऱ्याच्या मागून नाही, स्वतःचं नाव लावून जा.

चिंतामणीला बोललेलं

कापसाच्या वेचणीत मंगेशच्या बाबांना अटॅक आला. यवतमाळला मोठ्या दवाखान्यात ठेवलं. मी त्यांच्या खाटेखाली चादर अंथरून राहिले. त्या वार्डात प्रत्येक खाटेवर एक पुरुष होता आणि प्रत्येक खाटेखाली एक बाई. नळावर आमच्या ओळखी झाल्या.

माझी नणंद भेटायला आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. जाताना मला जिन्यात बाजूला घेऊन म्हणाली, "चिंतामणीले बोल काहीतरी. माहा भाऊ उठला पाह्यजे."

मी तिथंच हात जोडले. हे चालत घरी आले तर कळंबला, चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला, अनवाणी पायी येईन म्हटलं. यात मोठेपणा नाही, आमच्याकडे सगळ्या बाया नवस बोलतात. नवऱ्याने बायकोसाठी असं बोललेलं मी अजून ऐकलं नाही. कुठे असेलही.

ते चालत घरी आले. बोललेलं फेडायला वैशाख उजाडला. सोबत आक्का आणि गल्लीतल्या दोघीतिघी होत्या, त्यांच्या पायात चपला. सकाळी निघालो, पण वैशाखातलं ऊन लवकर तापतं. डांबर मऊ पडलं होतं. बाया म्हणाल्या, काठाच्या मातीतून चाल. मी म्हटलं, काही होत नाही. खरंच काही होत नव्हतं. मी मधोमध चालत होते, गाडी आली की बाजूला व्हायची, पुन्हा डांबरावर. मला वाटलं, चिंतामणी सांभाळतो आहे. रसवंतीजवळ बसलेल्या दोन म्हाताऱ्या उठून माझ्या पाया पडल्या. एक म्हणाली, "बाईची श्रद्धा पाहा. चेहऱ्यावर काही नाही."

तेव्हा मला आनंद झाला होता. त्या वर्षातला तो एकच मोठा आनंद मला आठवतो.

कळंबचा गणपती खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. दर्शन घेऊन वर येताना मागच्या बाईने माझा खांदा धरला. "बाई, तुह्या पायाचं कातडं गेलं." मी पाय उलटा करून बघितला. तळवा सोलल्यासारखा झाला होता. तिच्याकडे बघून मी ओशाळून हसले, जसं काही लुगड्याला चिखल लागला होता. पाय धुतले, घरी येऊन हळद लावली आणि भाकरी थापायला बसले. मंगेशच्या बाबांना सांगितलं नाही. त्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

वास

वर्षा त्याच उन्हाळ्यात माहेरी आली. आल्याआल्या म्हणाली, "माय, घरात काही मेलं काय?"

मला वास येत नव्हता. आम्ही दोघींनी कोठ्या सरकवल्या, तुराट्यांचा भारा बाहेर काढला, देवघर झाडलं. उंदीर कुठेच नव्हता. वर्षा वाकून खाटेखाली बघत होती, मी जवळ उभी होते. तिचं तोंड माझ्या पायाजवळ आलं आणि ती तिथंच थांबली. मग तिने वर बघितलं. तिचा तो चेहरा मला चांगला आठवतो. त्यानंतर तिने काय म्हटलं ते आठवत नाही.

यवतमाळच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. म्हणाल्या, डोळे मिटा, मी पायाला तार लावते, लागली की हो म्हणा. मी डोळे मिटून बसले. बराच वेळ झाला. मी म्हटलं, सुरू करा ना. त्या म्हणाल्या, काकू, झालं.

दोन बोटं काळी पडली होती, ती काढावी लागणार होती. पाय राहील की नाही ते जखम कुठे सरकते त्यावर होतं. वर सरकली तर घोट्यापासून. हे सगळं त्या वर्षाकडे बघून सांगत होत्या, वर्षा रडत होती. मला भीती वाटायला हवी होती हे मला समजत होतं. पण डोक्यात एवढंच होतं की मंगेशच्या बाबांची दुपारची गोळी कोण देणार.

बायांचा वार्ड

बायांच्या वार्डात बाईजवळ बाईच राहते. पुरुषांना राहू देत नाहीत, आणि ते बरोबरही आहे. त्यामुळे खाटेवर आई, तर जवळ लेक. खाटेवर लेक, तर जवळ आई. नवरे दारात उभे राहून हाताने विचारतात, काय म्हणते. जिच्याजवळ बाई नाही तिच्याजवळ कोणी नाही.

माझ्या शेजारच्या खाटेवर केसरबाई होत्या, दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरच्या. शुगर, बीपी आणि आता किडनीचं काहीतरी. फोनवर घरच्यांशी त्यांच्या बोलीत भराभर बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. मी विचारलं, "तुमच्याजवळ कोनी नाही काय?"

"सून हाय ना. पन म्याच म्हटलं तिले, घरी राय. म्हाताऱ्याले भाकर कोन देईन?"

"म्हातारा बिमार हाय काय?"

"नाही वं. ठणठणीत हाय."

आम्ही दोघी हसलो. औषध देणाऱ्या सिस्टर वळून बघायला लागल्या.

सकाळी इंजेक्शन, मग बोट टोचणं, मग चहा, मग ड्रेसिंगची गाडी. गाडीच्या चाकाचा आवाज आला की अख्खा वार्ड गप्प व्हायचा. बाकीच्या बाया ड्रेसिंगला ओरडायच्या. मी पंख्याकडे बघत पडलेली असायची. सिस्टर म्हणाल्या, काकू किती सोसता तुम्ही. मी त्यांना खरं सांगितलं, मला काही सोसावंच लागत नाही. रोज वर्षा विचारायची, वर सरकलं का. रोज सांगायचे, अजून बघू.

चांगलं काय होतं तेही लिहिते. जेवण गरम यायचं आणि मी ते आल्याबरोबर खायची. गोळी, आणि लगेच जेवण. हात थरथरायचे बंद झाले. लग्न झाल्यापासून दिवसा झोपले नव्हते, तिथं झोपले. केसरबाई त्यांच्याकडच्या फोडणीच्या शेंगा मला चोरून द्यायच्या. शुगर खाली आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी काय करत होता. मी म्हटलं, सगळं.

मंगेशचे बाबा दोन दिवसांआड यायचे. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं वरखाली लागलेली. केळी घेऊन यायचे, जी मला चालत नव्हती. खाटेच्या उशाकडे उभे राहायचे. पायाकडे कधी बघत नसत. एकदा बराच वेळ उभे राहून म्हणाले, "माह्या त्या लहान पांढऱ्या गोळ्या कुठी ठेवल्या तू? सापडून नाही राह्यल्या."

वर्षा स्टुलावरून उठली. तिलाही सासरहून रोज फोन येत होते, कधी येते म्हणून. "बाबा, इथं पेशंट कोन हाय?"

त्यांनी केळी खाटेवर ठेवली. मीच सांगितलं, कोनाड्यातल्या डब्याच्या वरच्या खणात आहेत. ते गेल्यावर मला राग आला. पोटातून वर येणारा राग, त्याने कान तापले. आणि मला बरं वाटलं, कारण कितीतरी दिवसांत मला काहीतरी वाटलं होतं. घरी ते स्वतःच रोज नुसतं पिठलं करून खात होते, हे मला नंतर शेजारणीने सांगितलं. माणूस घाबरलेला होता. त्यांना माझा आजार कुठून धरायचा ते माहीत नव्हतं. माझा त्यांना कधी धरावाच लागला नव्हता.

दोन बोटं काढली, पण जखम वर सरकली नाही. पाय राहिला.

घरी कोण आहे

दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांना समोर बसवलं. म्हणाल्या, आता खरं काम घरी आहे. दोन्ही तळवे रोज बघायचे. बोटांच्या मधेही. फोड, काटा, भेग काही दिसलं की त्याच दिवशी यायचं. काकूंना स्वतःला कळणार नाही, गुडघे वाकत नाहीत आणि डोळ्यांवरही शुगर आली आहे. दुसऱ्या कोणीतरी बघितलं पाहिजे. घरी कोण आहे?

वर्षा म्हणाली, बाबा आहेत.

"मग बाबा बघतील," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या फाईलकडे वळल्या.

आम्ही दोघंही खाली बघत होतो. डॉक्टरीणबाई शहरातली मुलगी, तिला काय कळणार. आमच्याकडे नवरा बायकोच्या पायाला हात लावत नाही. झोपेत माझा पाय चुकून त्यांना लागला तर मी उठून त्यांच्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायची, इतकी वर्षं. सासूने शिकवलं होतं, तिला तिच्या सासूने. त्याच पायाचा तळवा त्यांच्यासमोर धरायचा म्हणजे मला जिवावर आलं. त्यांनाही आलं असणार.

काही दिवस वर्षाने बघितलं. मग तिला सासरी जावं लागलं. शेजारची वैनी आठवडाभर आली, मग सोयाबीनची पेरणी लागली. वर्षाने जाताना जमिनीवर ठेवायला आरसा आणून दिला होता. मी त्यावर पाय धरायची. तळव्याच्या जागी मला नुसतं तपकिरी काहीतरी दिसायचं. मंगेशच्या बाबांना मी सांगायची, बघितलं, काही नाही. ते मान हलवायचे आणि बाहेर जायचे. डावा पाय कसाबसा राहिला होता, आता उजवा उरला होता, आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

तुळशीपुढं सँडल चालत नाही. एक दिवस सकाळी आंघोळ करून अनवाणीच पाणी घालून आले आणि चहा ठेवला. कप घेऊन ओसरीवर गेले तर मंगेशचे बाबा माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या मागच्या फरशीकडे बघत होते.

"थांब," ते म्हणाले. "चालू नको."

मागे लाल ठिपके होते, चुलीपासून इथपर्यंत.

"बस खाली. पाय दे."

"वैनीले आवाज द्या."

"वैनी वावरात गेली. पाय दे."

मी पाय साडीत ओढून घेतला. "तुमी हात लावसान तं मले पाप लागन."

ते खाटेवरून उतरले, चष्मा लावला आणि माझ्यासमोर फरशीवर बसले. अटॅकनंतर त्यांना खाली बसायला त्रास होतो. श्वास लागला होता, तो शांत होईपर्यंत थांबले.

"त्या डांबरावर तू माह्यासाठी गेलती," ते म्हणाले. "तवा म्या तुले नको म्हटलं नाही. आता तू मले नको म्हनू."

त्यांनी साडीचा काठ सरकवून माझा उजवा पाय मांडीवर घेतला. बाभळीचा काटा होता. तो नखाने काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. बराच लांब होता. मग त्यांनी एकेक बोट बाजूला करून मधे बघितलं, टाच बघितली. डावा पाय घेतला. जिथे बोटं नाहीत तिथे अंगठा ठेवून ते थांबले. त्यांनी तो भाग पहिल्यांदा बघितला होता.

"हे समजते काय तुले?"

"नाही."

"आन हे?"

त्यांनी पूर्ण पंजा दोन्ही हातांत धरला होता. इतक्या वर्षांत त्यांनी माझा पाय कधी हातात घेतला नव्हता.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी हात काढला नाही. खूप वेळ काढला नाही. मला दिसत होतं, म्हणून माहीत आहे.